अभयारण्यात शूटिंगची परवानगी कशी काढायची : भीमाशंकरच्या शेकरूच्या निमित्ताने सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले तिघं मित्र, भीमाशंकरच्या शेकरूवर वीस-पंचवीस मिनिटांची डॉक्युमेंटरी करायचीय, जमलं तर ताडोबाचे चार शॉट हवेत, जवळ एक छोटा ड्रोन आहे, एकाचा भाऊ लंडनहून येऊन साउंड करणारय, आणि एक ओळखीतला माणूस ‘सगळं करून देतो’ म्हणून अ‍ॅडव्हान्स मागतोय. परवानगी नक्की कुठून मिळते, किती आधी धावपळ करायची, ड्रोन चालेल का.

मी लाइन प्रोड्युसर आहे, जंगलातल्या शूटिंगच्या परवानग्या काढणं हेच माझं काम, त्यामुळे उत्तर लांबणारय. घाई असेल तर एवढंच घ्या : भीमाशंकर होईल, ड्रोन घरी ठेवा, ताडोबा यादीतून काढून टाका, आणि त्या माणसाला तूर्तास एक रुपया देऊ नका. का ते खाली सांगतो.

सगळ्यात आधी जागा कुणाची आहे ते बघा, कारण निम्मे लोक इथेच चुकीच्या दारात जाऊन उभे राहतात. कलेक्टर ऑफिसला पत्र, सरपंचाचं पत्र, देवस्थानचं पत्र, आमदारांचं शिफारसपत्र, अशी फाइल जाडजूड होते आणि ज्याची सही लागते त्याच्या टेबलावर ती गेलेलीच नसते. भीमाशंकर अभयारण्य १९८५ चं, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं, आणि अभयारण्य म्हटलं की तिथला कायदा म्हणजे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२. त्यातल्या कलम २८ प्रमाणे आत जाऊन फोटोग्राफी किंवा फिल्म करायची परवानगी देतो तो राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक, आणि आपल्या राज्यात हे साहेब बसतात नागपूरला. म्हणजे तुमची फाइल पुण्यातून निघाली तरी निर्णय नागपूरचा. राष्ट्रीय उद्यानालाही हेच कलम लागू होतं. पण तुमची जागा जर साध्या राखीव वनात असेल तर विषय प्रादेशिक विभागाच्या डीएफओंचा (विभागीय वन अधिकारी), वनविकास महामंडळाची जमीन असेल तर त्यांचा, आणि खाजगी मालकीची असेल तर मालकाचा. डोळ्याला सगळं एकच जंगल दिसतं, कागदावर चार वेगवेगळी खाती असतात, म्हणून आधी आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) ऑफिसात जाऊन नकाशावर बोट ठेवून विचारा की साहेब ही जागा कुणाकडे येते. त्या एका चकरेत महिन्याभराची पायपीट वाचते.

हे विचारताना दुसरंही एक स्वतःला विचारून घ्या, तुम्हाला खरंच अभयारण्याच्या आतलंच शूटिंग हवंय का. शेकरूच्या बाबतीत उत्तर हो आहे, ते ठीक. पण माझ्याकडे येणाऱ्या फीचर फिल्मवाल्यांपैकी बहुतेकांना फक्त मागे दाट झाडी हवी असते, एक गाणं, एक पाठलाग, एक तंबूतला सीन. त्यांना मी सरळ सांगतो की बाहेरच्या गावातली मालकीची जमीन बघा. २०२२ च्या दुरुस्तीने कलम २८ मध्ये फिल्म करणं हा शब्द स्पष्टपणे आला (आधी नुसतं फोटोग्राफी होतं), पण सोबत अटही आली की अधिवासात काही बदल करायचा नाही आणि अधिवासावर किंवा प्राण्यांवर वाईट परिणाम व्हायला नको. आता सेट लावायचा, जनरेटर चालवायचा, धूर सोडायचा, सत्तर माणसांचं जेवण शिजवायचं, यातलं या अटीत काय बसतं तुम्हीच बघा. मग हेच लोक बाहेर येऊन ‘सरकार सिनेमाला सपोर्ट करत नाही’ म्हणत बसतात. तुम्ही तिघंच आहात, तिघांची टीम ही अर्जातली तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, ती अर्जात पहिल्याच परिच्छेदात आली पाहिजे.

आता हमखास येणारा प्रश्न : मंदिराला जाणारे लाखो लोक मोबाइलवर शूट करतातच की, मग आम्हालाच का? तर मंदिराच्या वाटेवर देवदर्शनाला आलेला माणूस आणि जंगलात ट्रायपॉड लावून बसलेली टीम यात खातं फरक करतं आणि तो योग्यच आहे. पर्यटक म्हणून कॅमेरा फी भरून काढलेलं फुटेज घरी बघायला आहे. तेच एडिट करून फेस्टिव्हलला, ओटीटीला, किंवा मॉनेटाइज्ड चॅनेलवर टाकणार असाल तर माझ्या मते ते शूटिंगच, परवानगी काढा. ‘नुसता व्लॉग आहे हो’ म्हणून बरेच जण निभावून नेतात हे मला माहितीय, पण व्हिडिओवर तारीख, जागा, तुमचं तोंड सगळं असतं, पुरावा तुम्हीच अपलोड केलेला असतो.

अर्जाकडे येऊ, कारण खरं काम इथेच आहे. बहुतेक अर्ज असे असतात : ‘आम्हाला निसर्गाची आवड आहे, महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू जगासमोर आणायचा आहे, तरी सहकार्य व्हावे ही नम्र विनंती.’ दीड पान भावना, आणि कधी, कुठे, किती जण, काय घेऊन, यातलं काहीच नाही. असा अर्ज नागपूरला पोचला की तिथून तो खाली अभिप्रायाला येतो, डीसीएफकडून (उपवनसंरक्षक) एसीएफ (सहायक वनसंरक्षक), एसीएफकडून आरएफओ, आणि आरएफओ बिचारा काय लिहिणार? त्याला कळतच नाही तुम्ही नक्की काय करणार आहात, म्हणून तो सुरक्षित उत्तर देतो, वन्यजीवांना बाधा पोहोचण्याची शक्यता नाकारता येत नाही. झालं, फाइल बसली. म्हणून अर्ज लिहिताना डोळ्यासमोर नागपूरचे साहेब नको, तो अभिप्राय लिहिणारा आरएफओ ठेवा. त्याला होकार लिहिणं सोपं जाईल इतकं बारीक लिहा.

बारीक म्हणजे कसं, तर मी रोजचा एकेक तक्ता देतो. उदाहरणार्थ, दुसरा दिवस, सकाळी साडेसहा ते दहा, कक्ष क्रमांक (वनखात्याच्या नकाशावरच्या जंगलाच्या तुकड्याचा नंबर) अमुक, माणसं दोन आणि सोबत वनरक्षक, एक कॅमेरा, एक ६०० मिलिमीटर लेन्स, एक ट्रायपॉड, एक साउंड रेकॉर्डर, लाइट नाही, गाडी डांबरी रस्त्यालाच उभी, तिथून पायवाटेने चालत, पायवाट सोडणार नाही, घरट्याच्या झाडाखाली थांबणार नाही, सगळा कचरा परत नेणार. संध्याकाळचं वेगळं, पावसाने दिवस गेला तर राखीव दिवस कुठले ते वेगळं. कक्ष क्रमांक टाकला की वाचणाऱ्याला लगेच कळतं की हा माणूस जागेवर जाऊन आलाय, नाहीतर सगळे नुसतं ‘भीमाशंकर परिसर’ लिहितात. सोबत टीमची नावं आणि ओळखपत्रं, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचंही नाव, आणि सामानाची सिरीयल नंबरसकट यादी. ड्रायव्हरचं नाव राहिलं म्हणून सकाळी सहाला चौकीवर गाडी अडली आणि फोनाफोनीत उजेड निघून गेला असं होतं, गार्डची चूक नसते, त्याच्या हातातल्या पत्रात जी नावं तीच तो सोडणार. मूळ पत्र आणि दोन झेरॉक्स गाडीत ठेवा, मोबाइलवरचा पीडीएफ दाखवू नका, तिथे रेंज नसते आणि रजिस्टरला जावक क्रमांक लिहायचा असतो.

फिल्मचा सारांश मात्र खरा लिहा. ज्यावर फिल्म करणार आहात तेच लिहा, गोड करून नको. २०१७ मध्ये बीबीसीच्या काझीरंगावरच्या डॉक्युमेंटरीनंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने त्यांना देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत पाच वर्षं शूटिंगला बंदी घातली होती, आणि आक्षेपांमध्ये एक मोठा आक्षेप हाच होता की परवानगी मागताना सांगितलं एक आणि फिल्म निघाली दुसरीच. बीबीसीला ते मान्य नव्हतं, त्यांनी त्यांची बाजू मांडली, वाद आपल्या जागी. पण तेव्हापासून सारांश जास्त काळजीने वाचला जातो हा माझा अनुभव आहे. तुम्हाला मंदिराची गर्दी, प्लास्टिक, रस्त्यामुळे तुटलेली झाडांची सलगता हे दाखवायचंय ना, मग ते सारांशात लिहा. टीका आहे म्हणून परवानगी नाकारली असं मी फार कमी पाहिलंय, लपवलं म्हणून पुढच्या वेळी दार बंद झालेलं मात्र पाहिलंय. परवानगीपत्रात बहुतेक वेळा अट असते की फिल्मची प्रत खात्याला द्यायची, कधी प्रसारणाआधी दाखवायची. ती पाळा.

मंजुरी आली की फी, डिपॉझिट आणि स्टॅम्प पेपरवरचं हमीपत्र. फीचे दर शासन निर्णयाने ठरतात, त्यामुळे कुणी जुन्या शूटिंगचा आकडा सांगितला तर त्यावर बजेट बांधू नका, डीसीएफ ऑफिसातून चालू जीआरची प्रत घ्या आणि रक्कम सरकारी चलनानेच भरा. विद्यार्थी असाल किंवा संस्थेसाठी करत असाल तर तसं पत्र लावा, सवलत मागायला हरकत नाही.

वेळेचं बोलायचं तर फाइल वर जाते, खाली येते, परत वर जाते, मी तीन महिने धरून चालतो आणि तरी क्लायंटला चार सांगतो. त्यात कॅलेंडर कळलं पाहिजे. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन, त्या दिवसांत तिथल्या कुठल्याही ऑफिसात तुमच्या शेकरूला कुणी वाली नसतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा हंगाम, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत जाळून मोकळे केलेले पट्टे), वणवे, गार्ड रात्र-रात्र जागलेले असतात, त्यात तुमच्यासोबत माणूस द्यायचा म्हणजे त्यांच्यावर ओझं. दर चार वर्षांनी व्याघ्रगणना येते तेव्हाही फिल्ड स्टाफ मोकळा नसतो. मार्च एंड तर सांगायलाच नको.

आता सोबत येणारा वनरक्षक. पत्रात ‘वनकर्मचारी सोबत ठेवणे बंधनकारक’ अशी ओळ असते आणि नवीन टीम त्याला पहारेकरी समजून चुकवायला बघते. अहो, बीट गार्ड हा तुमचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हुशार रिसर्चर आहे. एका शूटला आमचा कॅमेरामन एका जांभळीकडे निघाला होता, फ्रेम खरोखर सुंदर होती, तर गार्ड हळूच म्हणाला, ‘तिकडं नका जाऊ साहेब, त्या जांभळीवर पिल्लं हायत आत्ता. खालच्या हिरड्यापाशी थांबा, नऊच्या उन्हाला येतंय ते.’ आणि आलं. शेकरू एकाच वेळी बरीच घरटी बांधून ठेवतं, त्यातलं कुठलं वापरात आहे हे आपल्याला खालून कळत नाही, रोज तिथून जाणाऱ्याला कळतं. त्याचा चहा-जेवण तुमच्यासोबत, त्याची ड्युटी संपायची वेळ पाळा, आणि फिल्मच्या शेवटी नाव टाकायचं असेल तर आधी त्याला आणि त्याच्या साहेबांना विचारा. आजूबाजूच्या गावांत, आहुपे वगैरे भागात, महादेव कोळी वस्त्या आहेत, तिथली माणसं किंवा देवराई फिल्ममध्ये येणार असेल तर गावात बसून बोला, ग्रामसभेला कळवा. वनखात्याची परवानगी म्हणजे गावकऱ्यांच्या अंगणात कॅमेरा लावायची परवानगी असं होत नाही.

ड्रोन. ‘आमचा २४९ ग्रॅमचा आहे, त्याला लायसन्स लागत नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेटची सूट आहे, बरोबर. ड्रोनच्या सरकारी नकाशावर तुमची जागा ग्रीन झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या हवाई परवानगीशिवाय उडवता येतं अशा भागात दिसेल, तेही बरोबर असेल. पण हे झालं हवाई वाहतुकीचं. अभयारण्यावर उडवायला वन्यजीव रक्षकांची स्पष्ट परवानगी लागते, अर्जात ड्रोन लिहिलेला नसेल तर तो बॅगेतसुद्धा नको, आणि लिहिलात तर या एका ओळीमुळे अख्खी फाइल रेंगाळते. शेकरूच्या फिल्मला तर मी स्वतःच नको म्हणेन. शेकरू राहतं शेंड्यावर आणि त्याला खरी भीती वरूनच, शिकारी पक्ष्यांची, धोका वाटला की ते फांदीला चिकटून निपचित पडतं. म्हणजे ड्रोन वर गेला की तुम्हाला मिळणार घाबरलेलं, न हलणारं जनावर, आणि तोच शॉट तुम्ही ‘शांत जीवन’ म्हणून लावणार. शेंड्याच्या उंचीवरून शॉट हवाच असेल तर भीमाशंकरची चढण कामाला येते. कड्याच्या वरच्या अंगाला उभं राहिलं की उतारावरच्या झाडांचे शेंडे थेट डोळ्यासमोर येतात, लांब लेन्स लावा आणि बसा. पण दरीचा काठ आहे, धुक्यात जाऊ नका.

याच ओघात, खाणं टाकून प्राण्याला बोलावणं हा प्रकार अजिबात नको. कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच आमिष दाखवणं येतं, त्यामुळे ‘दोन केळीच ठेवली हो’ हे विनोद म्हणून ठीक, केस म्हणून नाही. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी किंवा शेकरू जवळ आणणं, फांदी हलवणं, दगड मारून उठवणं, हे प्राण्यांना त्रास देणं झालं, तेही कायद्याने मना. तुम्ही स्वतः लावलेला ट्रॅप कॅमेरा (प्राणी समोर आला की आपोआप चालू होणारा) म्हणजेही उपकरणच, तो यादीत हवा.

ताडोबा का काढून टाका म्हणतो, तर तिथे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या जोडीला चंद्रपूरचं क्षेत्र संचालक ऑफिस, वर व्याघ्र प्राधिकरणाच्या गाइडलाइन्स, कोअर (आतला गाभा) आणि बफरचे (भोवतीचा पट्टा) वेगवेगळे उपसंचालक, रात्री शूटिंग नाही, गाडीतून उतरणं नाही, मंगळवारी बंद, १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद. चार शॉटसाठी हा एवढा व्याप कशाला? शेकरूच्या फिल्ममध्ये वाघ फक्त ट्रेलरसाठी येणारय हे मला कळतं आणि प्रेक्षकालाही कळेल. तरी हवाच असेल तर कुणाचं परवानगीसह शूट केलेलं फुटेज लायसन्सवर घ्या, कागद जपून ठेवा, पुढे सेन्सॉरकडे गेलात तर प्राणी दिसतोय म्हणून अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं पत्र मागतात तेव्हा उपयोगी पडतं. फुल डे सफारीचे पैसे भरून आत बसलं की फिल्मची परवानगी मिळाली असा एक गैरसमज आहे, तसं नसतं, ते पर्यटनाचंच तिकीट. आणि सध्या वातावरणही कडक आहे. २०२४ संपता संपता उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात गोठणगावला वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्हीकडून अडवली, व्हिडिओ फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाकडे गेटवर जरा वेगळ्याच नजरेने बघतात, आणि दोष त्यांना देता येत नाही.

लंडनचा भाऊ. त्याचा पासपोर्ट कुठला ते आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर विषयच नाही, बाकीच्यांसारखं नाव यादीत. परदेशी पासपोर्ट असेल तर टुरिस्ट व्हिसावर येऊन शूटिंग करता येत नाही, डॉक्युमेंटरीसाठी भारतीय वकिलातीमार्फत वेगळा व्हिसा घ्यावा लागतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तरी बिनधास्त राहू नका, २०२१ च्या अधिसूचनेपासून पत्रकारिता, संशोधन अशा कामांना ओसीआयवाल्यांनाही खास परवानगी लागते आणि डॉक्युमेंटरी कशात मोजतील हे लेखी विचारून घेतलेलं बरं. एका माणसाच्या कागदांवरून सगळ्या टीमची फाइल अडते. खरं सांगू का, साउंडला पुण्यातलाच कुणीतरी घ्या, भावाला एडिटला बसवा.

तुमच्या कामाचं नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी : काही जागांना एका परवानगीत भागत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेणी आहेत, तिथे वनखातं वेगळं आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण वेगळं. कोयना अभयारण्यातला वासोटा, मेळघाटातले नरनाळा आणि गाविलगड, कर्नाळ्याचा किल्ला, इथे किल्ला दिसतो म्हणून लोक पुरातत्त्वाकडे धावतात आणि वनखातं विसरतात, किंवा उलट. गोव्यात दूधसागरला तर वनखात्यासोबत रेल्वेही येते. गोव्यात शूटिंगच्या परवानग्यांसाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा आहे, आपल्याकडे फिल्मसिटीवाल्या महामंडळाची ‘एक खिडकी’ सोय आहे, फीचरवाल्यांनी तिथून सुरुवात जरूर करावी, फक्त जंगलाच्या आतला निर्णय शेवटी वन्यजीव विभागच घेतो हे लक्षात असू द्या.

राहिला तो ‘करून देतो’वाला. मी स्वतः पैसे घेऊन हेच काम करतो, त्यामुळे या धंद्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण बरा माणूस असेल तर तो आधी तुमचा शूटिंग प्लॅन मागेल, अर्ज तुमच्या नावाने करेल, प्रत्येक पत्राची आवक क्रमांकासह प्रत देईल आणि फीचं चलन तुम्हालाच भरायला लावेल. ‘आतला माणूस आहे, कागद लागत नाही’ म्हणाला की उठा. आत पकडले गेलात तर कॅमेरा तुमचा जप्त होणार, गुन्हा तुमच्या नावावर, तो फोन उचलणार नाही. तिघांच्या टीमला, एका अभयारण्याला, एजंट लागतच नाही, पुण्याच्या वन्यजीव विभागाच्या ऑफिसात दोन चकरा आणि भीमाशंकरच्या आरएफओंना एक भेट, एवढ्यात तुमचं तुम्हाला जमेल.

शूट जानेवारीत ठेवा, हवा कोरडी, आगीचा हंगाम सुरू व्हायच्या आत. मग अर्ज सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आत गेला पाहिजे, म्हणजे अधिवेशनाच्या आधी सही होते. आणि कक्ष क्रमांक घ्यायला भर पावसात का होईना ऑगस्टमध्येच एकदा जाऊन या, जळवांसाठी तंबाखूची पूड मोज्यात घाला.